हवेचा परवाना: मोठ्या कारखान्याच्या चिमणीमागचं रोजचं काम

एखाद्या मोठ्या कारखान्याकडे हवेचा परवाना आहे, याचा अर्थ तिथून प्रदूषण होत नाही असा नसतो. कुठल्या चिमणीतून कुठला घटक किती जाऊ शकतो, तो अडवायला कुठलं यंत्र चालू असायला हवं आणि ते खरंच चालू होतं हे कशावरून सिद्ध करायचं, एवढं त्यात लिहून ठरवलेलं असतं. या तिन्हींपैकी पहिल्या गोष्टीवर सगळे बोलतात. मर्यादेचा आकडा बातमीत येतो, त्यावर वाद होतात. पण हवा स्वच्छ राहते ती दुसऱ्या आणि तिसऱ्या गोष्टीमुळे. ही कामं कारखान्याच्या पर्यावरण विभागाच्या टेबलावर होत नाहीत. ती प्रत्येक पाळीत, यंत्राशेजारी उभं राहून करावी लागतात. म्हणून या लेखाचा मोठा भाग त्या दोन गोष्टींवर आहे.

परवान्याचं नाव देशागणिक बदलतं. भारतात १९८१ च्या वायू कायद्याखाली आधी उभारणीची आणि मग चालवण्याची, अशी दोन टप्प्यांत संमती घ्यावी लागते. अमेरिकेत १९९० मध्ये स्वच्छ हवा कायद्यात दुरुस्ती झाली आणि मोठ्या कारखान्याला लागू असलेले हवेचे सगळे नियम एकाच परवान्यात बांधायची पद्धत आली. युरोपीय संघाचा २०१० चा औद्योगिक उत्सर्जन निर्देश त्या त्या उद्योगात उपलब्ध असलेलं सर्वोत्तम तंत्र कोणतं ते आधी ठरवतो आणि मर्यादा त्यावरून काढतो. नावं वेगळी, सांगाडा मात्र बराचसा सारखा.

कारखाना ‘मोठा’ कधी ठरतो?

जमीन किती, कामगार किती यावरून हे ठरत नाही. अनेक ठिकाणी पाहिलं जातं ते हे की कारखाना जास्तीत जास्त किती सोडू शकतो. समजा एक बॉयलर पूर्ण क्षमतेने चालताना तासाला १५ किलो नायट्रोजन ऑक्साइड सोडतो. वर्षाचे तास ८,७६०. गुणाकार केला की १३१ टनांच्या वर जातो. नियमातली सीमा १०० टनांची असेल, तर हा कारखाना मोठ्यांच्या यादीत गेला. प्रत्यक्षात तो बॉयलर वर्षातले चारच महिने चालतो, हे इथे कामाला येत नाही, कारण उद्या तो बाराही महिने चालवायला कुणाची आडकाठी नसते.

आडकाठी हवी असेल तर ती कारखान्यानेच मागून घ्यायची. ‘आम्ही हा बॉयलर वर्षात ६,००० तासांच्या वर चालवणार नाही’ असं परवान्यात लिहून घेतलं की आकडा ९० टनांवर येतो आणि पुष्कळ कडक नियम टळतात. पण मग ते ६,००० तास मोजावे लागतात, आणि बहुधा सरकत्या बारा महिन्यांचे. दर महिना संपला की मागच्या बारा महिन्यांची बेरीज पुन्हा मांडायची. जानेवारी उजाडला म्हणून पाटी कोरी होत नाही. ज्यांना हे उमगत नाही, ते डिसेंबरमध्ये निर्धास्त असतात आणि मार्चमध्ये अडकतात.

टक्के मोजायचे की प्रमाण?

हा प्रश्न फार जुना आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये मिठापासून सोडा बनवताना हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू निघायचा आणि भोवतालची शेतं, झाडं जाळून टाकायचा. विल्यम गॉसेज याने १८३६ मध्ये यावर मनोरा काढला: वरून पाणी झिरपतंय, खालून वायू वर चढतोय, मधल्या भरावावर दोघांची गाठ पडते आणि वायू पाण्यात विरघळतो. आजच्या स्क्रबरचं, म्हणजे वायू धुणाऱ्या यंत्राचं, तत्त्व हेच आहे. १८६३ मध्ये ब्रिटिश संसदेने अल्कली कायदा केला: निदान ९५ टक्के आम्लवायू अडवलाच पाहिजे. त्याच्या अंमलबजावणीसाठी रॉबर्ट अँगस स्मिथ हे पहिले निरीक्षक नेमले गेले.

मात्र टक्क्यांच्या नियमात एक भोक आहे. उत्पादन दुप्पट झालं की उरलेले पाच टक्केही दुप्पट होतात, आणि कारखाना तरीही नियमात बसतो. १८७४ मध्ये कायदा सुधारला गेला. चिमणीतल्या वायूच्या दर घनफुटात आम्ल ०.२ ग्रेनपेक्षा (ग्रेन हे वजनाचं जुनं, बारीक माप) जास्त नको, अशी प्रमाणाची मर्यादा आली, आणि तिच्या जोडीला ‘व्यवहारात शक्य असलेले सर्वोत्तम उपाय’ वापरण्याचं बंधन. आजचे परवाने हे दोन्ही धागे घेऊनच विणलेले असतात.

त्या गोष्टीचा दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. मनोऱ्यात अडवलेलं आम्ल पुष्कळ कारखान्यांनी सरळ ओढ्या-नद्यांत सोडलं. हवा सुधारली, पाणी मेलं. पुढे त्याच आम्लापासून क्लोरीन काढून ब्लीचिंग पावडर करता येऊ लागली, तेव्हा कुठे ते फेकणं थांबलं. प्रदूषण अडवणारी बहुतेक यंत्रं पदार्थ नाहीसा करत नाहीत, त्याची जागा बदलतात. धूर थांबला की राख उरते, वायू धुतला की गाळ आणि सांडपाणी उरतं. त्यामुळे परवान्याचा अर्ज वाचताना ‘अडवलं ते पुढे जाणार कुठे’ या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे का, ते आधी शोधावं.

आकडा पातळ करता येतो

प्रमाणाच्या मर्यादेलाही पळवाट आहेच. एक घनमीटर वायूत ५० मिलिग्रॅम धूळ चालेल असं म्हटलं, तर चिमणीत पंख्याने बाहेरची हवा मिसळायची. दुधात पाणी घातल्यासारखं प्रमाण खाली येतं, धूळ मात्र तेवढीच बाहेर पडते. म्हणून ज्वलनाच्या चिमणीसाठी परवान्यात ऑक्सिजनची एक संदर्भ पातळी दिलेली असते, आणि मोजलेला आकडा त्या पातळीवर आणून मगच तपासायचा असतो.

हिशेब सोपा आहे. हवेत ऑक्सिजन २१ टक्के धरायचा. संदर्भ पातळी ११ टक्के आहे आणि चिमणीत प्रत्यक्ष १५ टक्के सापडला, असं समजा. २१ मधून ११ गेले, उरले १०. २१ मधून १५ गेले, उरले ६. मोजलेल्या आकड्याला १० ने गुणायचं, ६ ने भागायचं. यंत्रावर ४८ दिसत असेल तर खरा आकडा झाला ८०. मर्यादा ५० ची, म्हणून स्क्रीनवर ४८ बघून खूश झालेला माणूस मर्यादेच्या दीडपटीहून जास्त सोडत असतो. ही मिसळ मुद्दाम केलेलीच असते असंही नाही. वायू नेणाऱ्या डक्टचा जोड सैल झाला, दाराची गॅस्केट गेली, तरी बाहेरची हवा आत ओढली जाते. म्हणून ऑक्सिजनचा आकडा कारण नसताना वर सरकला की आधी गळती शोधावी.

उंच चिमणी हाही एके काळी पातळ करण्याचाच उपाय होता. कॅनडात सडबरी इथे १९७२ मध्ये निकेल-तांबे वितळवणाऱ्या कारखान्याने ३८१ मीटरची चिमणी उभी केली. जवळच्या वस्तीची हवा सुधारली, पण गंधकाचा वायू दूरवर पसरला. उंच चिमण्यांमधून गेलेलं गंधक शेकडो किलोमीटरवर आम्लपाऊस होऊन पडतं हे उघड झालं आणि १९७९ मध्ये सीमा ओलांडणाऱ्या वायुप्रदूषणावर आंतरराष्ट्रीय करार झाला. चिमणीला पुरेशी उंची लागतेच, नाहीतर धूर इमारतीच्या मागच्या भोवऱ्यात सापडून खाली उतरतो. पण उंची दाखवून जास्त सोडण्याची मुभा मागता येऊ नये, अशी बंधनं पुढे कायद्यांत आली.

बॅगहाऊसजवळ उभं राहून

आता यंत्रं. सगळी सारख्या तपशिलाने सांगत नाही. एक नीट कळलं की बाकीच्यांकडे बघायची नजर येते.

बॅगहाऊस म्हणजे पत्र्याच्या एका मोठ्या खोलीत उभ्या टांगलेल्या शेकडो कापडी पिशव्या. प्रत्येक पिशवी तारेच्या पिंजऱ्यावर चढवलेली. धुळीची हवा बाहेरून आत शिरते, धूळ कापडाच्या बाहेरच्या अंगाला बसते, स्वच्छ हवा पिशवीच्या तोंडातून वर निघून जाते. ठरावीक वेळाने दाबाच्या हवेचा झटका वरून पिशवीत सोडतात. पिशवी फुगते, धूळ सुटते आणि खाली नरसाळ्यासारख्या हॉपरमध्ये पडते. नीट सांभाळलेलं बॅगहाऊस ९९ टक्क्यांहून जास्त धूळ अडवतं. यात खरी गाळणी असते ती कापडावर बसलेला धुळीचा पातळ थर. म्हणून कोरी पिशवी सुरुवातीला जास्त धूळ जाऊ देते, आणि सारखे झटके मारून कापड साफ करत राहिलं तर बारीक धूळ निसटते.

हे यंत्र ठीक चाललंय का, हे सांगणारा सगळ्यात साधा आकडा म्हणजे पिशव्यांच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक. तो पाण्याच्या स्तंभाच्या मिलिमीटरमध्ये मोजतात. बहुतेक ठिकाणी ७५ ते १५० च्या आसपास असतो. फरक चढत चालला तर पिशव्या तुंबताहेत: झटक्याचा व्हॉल्व्ह गेला असेल, दाबाच्या हवेत पाणी आलं असेल किंवा हॉपर रिकामा न झाल्याने धूळ पिशव्यांपर्यंत साचली असेल. फरक एकदम पडला तर पिशवी फाटली असण्याचा संशय घ्यायचा, किंवा पंख्याचा प्रवाहच कमी झालेला असतो. आणि आकडा जराही हलत नसेल तर? गेजच्या बारीक दाबनळ्या धुळीने तुंबल्या असण्याची शक्यता मोठी. लॉगबुकात सलग पाळ्यांमध्ये तंतोतंत तोच आकडा दिसला की अनुभवी निरीक्षक तिथेच थांबतो. चालू यंत्राचा आकडा इतका स्थिर नसतो.

फाटलेली पिशवी शेकडोंतून शोधायची कशी? त्याची युक्ती छान आहे. चमकणारी रंगीत पावडर धुळीच्या बाजूने डक्टमध्ये सोडतात, पंखा थोडा वेळ चालवून बंद करतात, मग वरच्या स्वच्छ बाजूचं झाकण उघडून अतिनील दिवा फिरवतात. जिथून गळती आहे त्या पिशवीचं तोंड अंधारात चमकतं. कधी पिशवी धड असते आणि ती जिथे बसवली त्या पत्र्याच्या सांध्यात फट सापडते.

बॅगहाऊसचा मोठा शत्रू म्हणजे ओल. थंड यंत्रात एकदम दमट गरम वायू सोडला की वाफ कापडावर थिजते, धुळीचा चिखल होतो, आणि तो सुकला की कुठल्याही झटक्याने सुटत नाही. म्हणून यंत्र आधी तापवून मग भार द्यायचा. परवान्यातलं ‘सुरू करण्याची कार्यपद्धती’ हे कलम यासाठी असतं. ते नवीन ऑपरेटरला वाचून दाखवण्यापेक्षा यंत्रापाशी नेऊन समजवावं.

दाबाचा फरक अमुक ते अमुक, नोंद दर पाळीत एकदा, फरक बाहेर गेला तर कारण आणि दुरुस्तीची वेळ लिहायची, असं वाक्य परवान्यात येतं तेव्हा कागद आणि यंत्र एकमेकांना भेटतात. चिमणीची चाचणी कधीमधी होते. मधल्या दिवसांची साक्ष हा दाबच देतो.

बाकीची यंत्रं, थोडक्यात

विजेने धूळ ओढणारा प्रेसिपिटेटर अमेरिकेत फ्रेडरिक कॉट्रेल यांनी १९०७ च्या सुमारास आम्लाच्या धुक्यासाठी वापरात आणला. उच्च विद्युतदाबाच्या तारा धुळीला विद्युतभार देतात, धूळ धातूच्या पत्र्यांवर चिकटते, हातोड्यांनी ठोकून खाली पाडतात. यात ठिणग्या उडतात, म्हणून वायूत कार्बन मोनॉक्साइड वाढला की स्फोट टाळण्यासाठी प्रेसिपिटेटर आपोआप बंद पडतो, आणि तेवढी मिनिटं धूळ मोकळी सुटते. सिमेंटच्या भट्ट्यांमध्ये हा त्रास ओळखीचा आहे. उपाय प्रेसिपिटेटरमध्ये नाही. तो भट्टीतलं ज्वलन स्थिर ठेवण्यात आहे.

गंधकाचा वायू चुनखडीच्या पातळ राड्याने धुतात आणि त्यातून जिप्सम निघतं. राड्याचा सामू साधारण ५ ते ६ मध्ये राखावा लागतो. खाली गेला तर वायू शोषला जात नाही, वर गेला तर आत खपल्या धरतात.

नायट्रोजन ऑक्साइडचं कोडं निराळं आहे, कारण गॅससारखं इंधन असेल तर त्यातला बराचसा नायट्रोजन इंधनातून येत नाही, ज्वाळेला दिलेल्या हवेतूनच येतो. ज्वाळा जितकी प्रखर, तितका तो जास्त. म्हणून पहिला उपाय बर्नरमध्येच करायचा: हवा टप्प्याटप्प्याने द्यायची, ज्वाळेचं कमाल तापमान खाली ठेवायचं. त्यानंतर अमोनिया किंवा युरिया फवारायचा, म्हणजे उरलेल्याचा पुन्हा साधा नायट्रोजन होतो. उत्प्रेरकाशिवाय हे ८५० ते ११०० अंश सेल्सिअसमध्येच जमतं. तापमान कमी पडलं तर अमोनिया न वापरता चिमणीतून निसटतो. जास्त झालं तर अमोनियाच जळून नायट्रोजन ऑक्साइड तयार होतो, म्हणजे ज्याच्यासाठी खर्च केला तेच वाढतं. फवारणीची जागा बॉयलरच्या भारानुसार बदलावी लागते ती यामुळे.

या सगळ्याच्या आधी एक पायरी आहे, जिला अर्जांमध्ये फार कमी जागा मिळते: घटक तयारच होऊ न देणं. कमी गंधकाचं इंधन, विद्रावकाच्या रंगाऐवजी पाण्याचा रंग, माल वाहणाऱ्या उघड्या पट्ट्यावर झाकण. न बनलेल्या धुराला ना पिशवी लागते ना गाळ टाकायला जागा. मोठं यंत्र बसवण्याचा निर्णय सहज मंजूर होतो आणि कच्चा माल बदलण्याचा निर्णय वर्षानुवर्षं पडून राहतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

चिमणी नसलेलं प्रदूषण

खडीचा ढीग, ट्रकचा रस्ता, एका पट्ट्यावरून दुसऱ्यावर माल पडण्याची जागा, पंपाचं सील, व्हॉल्व्हची ग्लँड (दांड्याभोवतीची गळती रोखणारी बैठक). इथून जे सुटतं त्याला चिमणी नाही म्हणून मीटरही नाही. मोठ्या रिफायनरीत व्हॉल्व्ह आणि फ्लँज (नळांचे बोल्टचे जोड) मोजायला बसलं तर संख्या दहा हजारांच्या पटीत जाते. एकेकाची गळती नगण्य, बेरीज मोठी. त्यामुळे हातातलं यंत्र घेऊन प्रत्येक जोडाशी नळी धरायची आणि वाचन नोंदवायचं, ही पद्धत रूढ झाली. अमेरिकी नियमांत गळती सापडली की पाच दिवसांत दुरुस्तीचा पहिला प्रयत्न आणि पंधरा दिवसांत दुरुस्ती पूर्ण, असा सर्वसाधारण दंडक आहे. पुष्कळदा ग्लँडचा नट आवळणं एवढंच काम असतं.

मोजणाऱ्यालाही मोजावं लागतं

चिमणीची धूळ मोजताना तपासनीस नळीचं तोंड प्रवाहासमोर धरतो आणि चिमणीतला वायू ज्या वेगाने जातोय त्याच वेगाने नळीत ओढतो. ओढ कमी पडली तर वायू वळसा घालून जातो, पण जड कण सरळ आत घुसतात आणि आकडा फुगतो. ओढ जास्त झाली तर उलट होतं, आकडा खोटाच कमी येतो. शिवाय वळणाजवळ प्रवाह वेडावाकडा असतो, म्हणून मोजण्याचं छिद्र वळणाच्या पुढे चिमणीच्या व्यासाच्या आठपट आणि पुढच्या अडथळ्याच्या दुप्पट मागे असावं, असा संकेत आहे. ही जागा आराखड्यातच सोडावी लागते. चिमणी उभी राहिल्यावर आठवलं तर फार उशीर झालेला असतो.

चाचणीच्या दिवशी यंत्रं ज्या स्थितीत होती, ती स्थिती पुढे बंधन बनू शकते. स्क्रबरला त्या दिवशी भरपूर पाणी दिलं असेल, तर पुढेही तितकं द्यावं लागतं. सतत मोजणारी उपकरणं असतील तर त्यांना रोज ‘शून्य’ वायू (ज्यात तो घटक नाहीच असा) आणि माहीत असलेल्या प्रमाणाचा सिलिंडरमधला वायू दाखवून ती खरं बोलताहेत का ते पाहायचं असतं.

सगळ्यात दुर्लक्षित वेळ म्हणजे सुरू आणि बंद होण्याची. यंत्रं थंड, ज्वलन अर्धवट, बायपासचा डॅम्पर, म्हणजे वायू यंत्राला वळसा घालून सोडणारी झडप, उघडा. परिसरातल्या लोकांच्या तक्रारी बहुधा याच तासांतल्या असतात, आणि त्या तासांना ‘असामान्य स्थिती’ म्हणून बाजूला काढायची जुनी सवय आहे. अमेरिकेत २००८ मध्ये संघीय अपील न्यायालयाने विषारी वायुप्रदूषकांच्या बाबतीत अशी सरसकट सूट बेकायदा ठरवली: मर्यादा सतत लागू असली पाहिजे. ते बरोबरच आहे, कारण शेजारच्या माणसाचा श्वास त्या तासांतही चालू असतो. निदान बायपासच्या डॅम्परला स्थिती दाखवणारा स्विच आणि वेळेची आपोआप नोंद असावी. तो ‘बंद’ आहे असं वाटणं आणि तो पूर्ण बसलेला असणं, यात फरक असतो.

मर्यादा ओलांडली गेली तर काय, याचंही कलम परवान्यात असतं: केव्हा लक्षात आलं, किती वेळ चाललं, काय केलं, कुणाला कळवलं. वेळेवर आणि खरं कळवलेलं विचलन निभावून नेता येतं. दडवलेलं सापडलं की आधीच्या सगळ्या नोंदींवरचा विश्वास जातो. अमेरिकी पद्धतीत कारखान्याच्या जबाबदार अधिकाऱ्याला दरवर्षी सही करून सांगावं लागतं की योग्य चौकशीनंतर ही माहिती खरी आणि पूर्ण आहे. त्या सहीखाली पाळीतल्या शेकडो माणसांच्या नोंदी असतात, म्हणून त्या कशा लिहिल्या जातात याची विचारपूस वर्षअखेरीला नाही, वर्षभर करावी लागते.

शेवटचा मुद्दा बदलांचा. बर्नर बदलला, इंधन बदललं, कन्व्हेयरचा वेग वाढवला, नवा पिग्मेंट आणला, की उत्सर्जनाचं गणित बदलतं, आणि परवाना जुन्या गणितावर दिलेला असतो. खरेदी विभागाला ही फक्त ऑर्डर दिसते, मेंटेनन्सला फक्त दुरुस्ती. त्यामुळे ऑर्डर निघण्याआधी तो कागद पर्यावरण विभागाकडून जायला हवा. अनेक ठिकाणी परवानगीआधी पाया खणायला सुरुवात करणं हेच मुळात उल्लंघन असतं, यंत्र चालू झालेलं नसलं तरी.